‘मला डोस माहीत आहे’ म्हणणाऱ्या मित्राबद्दल

प्रश्न : मॅडम, तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ आहात म्हणून लिहितो. मी सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. माझा रूममेट पहिल्या वर्षी नापास होऊन सप्ली (पुरवणी परीक्षा) लागल्यापासून प्यायला लागला. पुढे झोपेसाठी अल्प्राझोलाम सुरू झालं, आता नीट पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) अभ्यासासाठी जागं ठेवणारं मोडाफिनिल. गेल्या महिन्यात त्याच्या कपाटात ट्रॅमाडॉल या वेदनाशामक इंजेक्शनच्या रिकाम्या अँप्यूल (काचेच्या कुप्या) आणि सिरिंज सापडल्या. विचारलं तर म्हणाला, ‘मला डोस माहीत आहे, मी काय गर्दुल्ला आहे का?’ ‘मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे,’ असंही दोनदा म्हणाला. त्याच्या ड्युट्या मी करतो. रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे का ते बघतो. हे डिप्रेशन आहे की व्यसन? रूमवरच आम्ही डोस हळूहळू कमी करू शकतो का? कुणाला सांगितलं तर त्याचं रजिस्ट्रेशन जाईल का? आणि मी त्याची चुगली करतोय का?

उत्तर :

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू मध्येच लिहून पुढे गेलास. ‘मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे.’ अँप्यूलपेक्षा मला त्या वाक्याची जास्त काळजी वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आज तो शुद्धीत असताना, दार लावून, त्याला सरळ विचार : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ याच शब्दांत विचार. आडून आडून विचारलंस तर उत्तरही तसंच येईल. असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात तो महिनोन्महिने घोळतोय त्याला पहिल्यांदाच श्वास सोडायला जागा मिळते, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. उत्तर ‘हो’ आलं आणि कसं, कधी हेही त्याने ठरवलेलं असेल, तर त्याला एकटं सोडू नकोस. रूममधली सगळी औषधं बाहेर काढ आणि त्याच वेळी त्याला कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) घेऊन जा. तिथे सगळे ओळखीचे आहेत म्हणून त्या रात्री संकोच करायचा नाही. नुसतंच ‘कधी कधी वाटतं’ असं म्हणाला, तर दोघं मिळून १४४१६ ला फोन करा. ही टेलीमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

आता रात्री श्वास बघण्याबद्दल. तुझी भीती खरी आहे. दारू, अल्प्राझोलाम आणि ट्रॅमाडॉल ही तिन्ही एकत्र आली की एकेकाचा ‘माहीत असलेला डोस’ निरर्थक ठरतो. श्वसनकेंद्रावर तिघांचा भार एकावर एक चढत जातो. हाक मारून, छातीचं हाड चोळूनही तो नीट उठत नसेल, श्वास मिनिटाला दहा-बाराच्या खाली गेला असेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कॉफी पाजणं, आंघोळ घालणं, ‘थोडा वेळ बघू’ म्हणणं यातलं काहीही करायचं नाही. कुशीवर वळव, श्वसनमार्ग मोकळा ठेव आणि कॅज्युअल्टीत ने. तिथे काय काय घेतलं आहे ते लपवू नकोस. मित्राची अब्रू वाचवायला ‘बहुतेक फूड पॉयझनिंग’ असं सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. नॅलोक्सोन या उताऱ्याने ट्रॅमाडॉलचा परिणाम काही अंशीच उतरतो. आणि रोज बेंझोडायझेपिन (अल्प्राझोलामच्या गटातलं औषध) घेणाऱ्याला त्यावरचा उतारा म्हणून फ्लुमाझेनिल दिलं तर झटके येऊ शकतात. समोरच्या डॉक्टरला हे सगळं ठरवायचं असेल तर खरं काय ते त्याला कळायला हवं.

‘मला डोस माहीत आहे.’ तेवीस वर्षांच्या मुलापासून पन्नाशीच्या सर्जनपर्यंत कितीजणांच्या तोंडून मी हे ऐकलं असेल याची गणती नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांचं व्यसन बाहेरच्या मुलांपेक्षा वेगळं असतं ते इथे. तुझा मित्र मजेसाठी घेत नाहीये. त्याच्या हिशेबात तो उपचार करतोय : झोप येत नाही म्हणून एक गोळी, जाग राहत नाही म्हणून दुसरी, आणि या दोन्हींनी जे दुखायचं थांबत नाही त्यासाठी इंजेक्शन. तो स्वतःचाच पेशंट आहे आणि स्वतःचाच डॉक्टर. हिस्टरी घेणारा कुणी नाही, नाही म्हणणारा कुणी नाही, फॉलोअपला बोलावणारा कुणी नाही. अशा पेशंटचं काय होतं हे त्याने तिसऱ्या वर्षाच्या वॉर्डातच शिकून घेतलेलं आहे.

म्हणून त्याला कधीही ‘किती घेतोस?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला तो खोटं उत्तर देईल, सगळेच देतात. ‘कशासाठी घेतोस?’ असं विचार. तिथे खरं उत्तर येण्याची शक्यता असते.

त्याच्या या तीन औषधांबद्दल थोडं खोलात जाते, कारण त्याला पटवायला तुला हेच लागेल. फार्माकॉलॉजीचा विद्यार्थी भावनेपेक्षा फार्माकॉलॉजीने लवकर वळतो.

अल्प्राझोलामचं अर्धायुष्य (निम्मं औषध शरीरातून उतरायचा वेळ) साधारण अकरा तासांचं. म्हणजे रात्री घेतलेली गोळी दुपारपर्यंत उतरायला लागते आणि चिंता दुप्पट होऊन परत येते. त्याला वाटतं, ‘बघ, मला मुळातच किती एन्झायटी आहे.’ प्रत्यक्षात त्यातली बरीचशी त्या गोळीची उतराई असते. शिवाय हे औषध नवीन आठवणी मेंदूत रुजू देत नाही. नीट पीजीची तयारी करणाऱ्या मुलाने नेमकं हेच औषध निवडावं, याचं मला फार वाईट वाटतं. एकीकडे वाचायचं आणि दुसरीकडे ते वाचलेलं रुजू द्यायचं नाही, असा हा प्रकार आहे. मोडाफिनिल झोपेचं कर्ज फेडत नाही, फक्त तगादा लावणाऱ्याला दाराबाहेर उभं करतं. सकाळी ते घेतलं की रात्री झोप येत नाही, मग गोळी, मग सकाळी डोकं जड, मग पुन्हा मोडाफिनिल. हे चक्र सुरू झालं की अभ्यासाचे तास वाढलेले दिसतात, पण मॉक टेस्टचे मार्क घसरत जातात. त्याचे गेल्या सहा महिन्यांतले मार्क बघ. तो तुला खोटं सांगेल, मार्क सांगणार नाहीत.

आणि ट्रॅमाडॉल. ‘हे तर साधं पेनकिलर, मॉर्फिन थोडंच आहे’ हा समज हॉस्टेलमध्ये फार घट्ट बसलेला आहे. ते ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं आहेच, शिवाय मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन या रसायनांवरही काम करतं. त्यामुळेच उदास माणसाला त्याने पहिल्यांदा ‘आज खूप दिवसांनी बरं वाटलं’ असं वाटतं, आणि तीच खरी मेख आहे. सोडताना अंगदुखी, जुलाब, नाक गळणं ही नेहमीची लक्षणं येतातच, वर पॅनिक आणि विचित्र संवेदनाही येतात. डोस वाढला की झटके येऊ शकतात. त्याने मनानेच एसिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची औषधं सुरू केली असतील तर झटक्यांचा धोका आणखी वाढतो आणि सेरोटोनिन सिंड्रोमही (सेरोटोनिन अति वाढून होणारी गंभीर अवस्था) होऊ शकतो. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, हेही त्याला सांग. शिरेतून घेत असेल तर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी या तिन्हींची तपासणी लागेल. सिरिंज वॉर्डातली नवी असली तरी गळू, फ्लेबायटिस (शिरेची सूज), हृदयाच्या झडपांचा संसर्ग यांचा धोका टळत नाही.

इथे थोडं विषयांतर करते. ज्या रेसिडेन्सीच्या (रुग्णालयात राबून घ्यायच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) साच्यातून आपण सगळे घडतो तो साचा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ नंतर विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने घडवला. अखंड ड्युटी, रुग्णालयातच राहणं, झोपेला किंमत नाही, हे सगळं तिथलं. त्याच हॉल्स्टेडने त्याआधी कोकेनची भूल शोधताना स्वतःवर प्रयोग केले होते. त्यात तो कोकेनच्या आहारी गेला आणि उपचार म्हणून दिलेल्या मॉर्फिनवर पुढे वर्षानुवर्षं राहिला. सहकारी विल्यम ऑस्लरला हे ठाऊक होतं. त्याने ते लिहून ठेवलं, पण ती टिपणं उघड झाली १९६९ साली, हॉल्स्टेड वारल्यानंतर ४७ वर्षांनी. अत्यंत बुद्धिमान, शिस्तीचा, हाताने कुशल माणूस, आणि भोवती गप्प बसलेले तितकेच बुद्धिमान सहकारी. आपल्या व्यवसायाने दोन्ही वारसे नीट जपले : तासांचा आणि गप्प बसण्याचा.

ते गप्प बसणं मीही केलं आहे. नव्वदच्या दशकात मी रेसिडेंट असताना आमच्या बरोबरचा एक भूलशास्त्राचा मुलगा होता. अतिशय हुशार. कुणाचीही अवघड शीर पहिल्या फटक्यात शोधायचा. पुढे पुढे तो उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालायला लागला, ऑपरेशन थिएटरमधून मध्येच गायब व्हायला लागला, दुसऱ्यांच्या इमर्जन्सी आपणहून मागून घ्यायला लागला. आम्हा पाच-सहा जणांना कळलं होतं. प्रत्येकाला वाटलं की दुसरा कुणीतरी बोलेल. एका सकाळी तो ड्युटी रूममध्ये उठलाच नाही. त्यानंतर विभागात काय झालं? औषधांचं स्टॉक बुक तपासलं गेलं. त्याच्या आईवडिलांना हृदयविकार असं सांगितलं गेलं आणि आम्हालाही तेच सांगायला बजावलं. ती माऊली वॉर्डाच्या जिन्यात बसून मला विचारत होती, ‘त्याला आधी कधी छातीत दुखत होतं का गं?’ मी ‘नाही’ म्हणाले. मानसोपचारात मी आले त्याचं एक कारण तो जिना आहे.

म्हणून ‘मी चुगली करतोय का’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही.

डिप्रेशन की व्यसन? तू विद्यार्थी म्हणून विचारतोस, तर विद्यार्थ्याला देतात तसंच उत्तर देते. आधी काय आलं ते शोध. तू सांगतोस की पहिल्या वर्षी सप्ली लागल्यावर त्याने प्यायला सुरुवात केली. त्या दोन-तीन महिन्यांत तो कसा होता? दारूच्या आधीच मेसला येणं बंद झालं होतं का? पहाटे तीनला जाग यायची का? घरी फोन करणं टाळायचा का? घरात कुणाला असा आजार होता का? नशेमुळे आलेली उदासी नशा पूर्ण बंद झाल्यावर साधारण महिन्याभरात बरीच निवळते. निवळली नाही तर ती स्वतंत्र आजार समजायची. पण हा महिना थांबायचा नियम सगळ्यांना लावायचा नसतो. जीव द्यायचे विचार असतील, किंवा उदासी नशेच्या आधीपासून असल्याचं हिस्टरीवरून स्पष्ट असेल, तर दोन्हींचा उपचार पहिल्या दिवसापासून एकत्र सुरू करायचा असतो. ‘आधी दारू सोड, मग डिप्रेशनचं बघू’ आणि ‘आधी डिप्रेशन बरं होऊ दे, मग सुटेलच’ या दोन वाक्यांनी मिळून फार माणसं मारली आहेत. तुझ्या मित्राच्या बाबतीत, कागदावरच्या एवढ्या माहितीवरून मी निदान करणार नाही. पण पहिल्या वर्षीच्या सप्लीचा धागा मात्र मी सोडणार नाही.

त्या सप्लीबद्दल थोडं बोलायला हवं. लातूरच्या किंवा राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासमध्ये दोन वर्षं काढून, एखादा ड्रॉप घेऊन हा मुलगा आला. बारावीपर्यंत तो शाळेत पहिला, तालुक्याच्या पेपरात फोटो, गावात फ्लेक्स. इथे आल्यावर तो दीडशे पहिल्या आलेल्यांपैकी एक झाला. अॅनाटॉमीत (शरीररचनाशास्त्रात) नापास झाला तेव्हा त्याचा फक्त एक विषय राहिला नाही, स्वतःची ओळख सांगायचं एकमेव वाक्य हातून गेलं. घरी सांगता येत नाही, कारण घरच्यांनी त्याच्यासाठी काय काय विकलंय किंवा गहाण टाकलंय ते त्याला माहीत असतं. मग सीनियर ग्लास पुढे करतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर व्हायचंय ना? सगळ्यांचं होतं असं.’ त्या वेळी सोबत म्हणून मिळालेली ती पहिली गोष्ट असते. जातीवरून, इंग्रजीवरून, राखीव जागेवरच्या प्रवेशावरून टोमणे खाणाऱ्या मुलामुलींचं तर आणखी कठीण. मुलींचं हे सहसा दिसतही नाही. त्यांच्या खोलीत बाटल्या सापडत नाहीत. झोपेच्या गोळ्या असतात, वजन झपाट्याने उतरलेलं असतं, आणि सगळे म्हणत असतात की ती फार अभ्यासू आहे.

हा एकट्याचा प्रश्न नाही हे मित्राला आकड्यांत सांगायचं असेल तर सांग. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीला २५,५९० पदवीपूर्व आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. मानसिक आजाराचं निदान झाल्याचं पदवीपूर्वपैकी २७.८ टक्क्यांनी सांगितलं. जीव द्यायचा विचार आल्याचं पदवीपूर्वपैकी सुमारे १६ टक्के आणि पदव्युत्तरपैकी सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदवलं. आपणहून भरलेली पाहणी आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लागू करायचे नाहीत. पण अर्ध्यावर जरी आणले, तरी तुमच्या दीडशेच्या बॅचमध्ये तुझा मित्र एकटा नाही. जगभरच्या अभ्यासांचं २०१६ मध्ये एकत्र विश्लेषण झालं त्यातही वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी साधारण २७ टक्क्यांत डिप्रेशनची लक्षणं दिसली होती. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो. लक्षणं असलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेले होते जेमतेम १६ टक्के. ज्यांना उपचार कुठे मिळतो हे सगळ्यात आधी माहीत असतं, त्यांची ही गत.

रूमवर हळूहळू डोस कमी करणं : नको. यावर मी ठाम आहे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत डिलिरियम ट्रेमेन्स (भ्रम, थरथर असलेली जीवघेणी अवस्था). बेंझोडायझेपिन एकदम तोडलं तरी झटके. त्यात ट्रॅमाडॉलमुळे झटक्यांचा उंबरठा आधीच खाली आलेला. तीन गोष्टींपैकी कुठली आधी काढायची, कुठली चालू ठेवायची, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कधी द्यायचं, हे सगळं रोज बघून ठरवावं लागतं. वॉर्डातून आणलेल्या गोळ्यांवर मध्यरात्री दोन इंटर्नांनी ठरवायची ही गोष्ट नाही. शिवाय तू त्याला गोळ्या मोजून द्यायला लागलास की तू मित्र राहत नाहीस, पुरवठादार होतोस. तो तुझ्याशी खोटं बोलायला लागेल, आणि आत्ता त्याच्याजवळ खरं बोलायला असलेला एकमेव माणूस तू आहेस.

मग न्यायचं कुठे? आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत बहुतेकजण जात नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. केस पेपर काढणारा क्लार्क ओळखीचा, समोर बसलेला रेसिडेंट मेसमधला. म्हणून मी नेहमी सांगते, जिल्हा बदला. दुसऱ्या शहरातलं सरकारी रुग्णालय किंवा एखादा मानसोपचारतज्ज्ञ ज्याचा तुमच्या कॉलेजशी, परीक्षांशी काही संबंध नाही. दाखल व्हावं लागलं तर ठिकाण नीट निवडा. जिथे डॉक्टर रोज येतो, जिथे झटक्यांवर उपचार करायची सोय आहे आणि जिथे मारहाण किंवा साखळी यांचं नावही निघत नाही, अशाच ठिकाणी. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं. व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवायचं म्हणजे काय हे महाराष्ट्रात अनेकांनी तिथून शिकलं. अनिल अवचट स्वतः एमबीबीएस होते हे तुझ्या मित्राला सांग, त्याला बरं वाटेल. अल्कोहोलिक्स अॅनोनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मराठी सभा ठिकठिकाणी होतात. तिथे तो डॉक्टर नसेल, नुसतं पहिलं नाव असेल. डॉक्टरला असं नुसतं नाव होणं किती औषधी असतं ते मी पाहिलं आहे.

रजिस्ट्रेशनची भीती. हिच्यापायी मुलं महिनोन्महिने काढतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात आणि कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. सज्ञान पेशंटची संमती नसेल तर साधारणपणे डॉक्टर आपणहून डीनला फोन करून सांगू शकत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तो स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच असावा असं नाही, मित्रही चालतो. वडिलांना लगेच सांगायला तो तयार नसेल तर हा मार्ग लक्षात ठेव. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो. अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम ६४अ आहे. स्वतः सेवन करणाऱ्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाने आपणहून उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण वॉर्डाच्या ट्रॉलीतून औषध उचलणं ही निराळी बाब आहे. पेशंटला लिहिलेलं इंजेक्शन अर्धं देऊन अर्धं खिशात टाकणं तर फारच निराळी. तिथे दुसऱ्याच्या वेदनेचा प्रश्न येतो. त्याला हे स्पष्ट सांग : आज उपचाराला गेलास तर हा आजार आहे. ड्युटीवर नशेत सापडलास, किंवा तुझ्या हातून पेशंटला काही झालं, तर तो आजार राहणार नाही. माझ्या इतक्या वर्षांत उपचार घेतले म्हणून नोंदणी गेलेला एकही विद्यार्थी मी पाहिलेला नाही. उपचार न घेता नोंदणीच काय, सगळंच गमावलेले पाहिले आहेत.

डॉक्टर यातून बरे होतात का? होतात, आणि सर्वसामान्य पेशंटपेक्षा जास्त होतात. अमेरिकेत डॉक्टरांसाठी खास देखरेखीचे कार्यक्रम आहेत : उपचार, मग पाच वर्षं अचानक होणाऱ्या लघवीच्या तपासण्या, आणि त्या काळात काम चालू. २००८ मध्ये अशा १६ कार्यक्रमांतल्या ९०४ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यातले जवळपास ७९ टक्के पाच वर्षांनी परवाना शाबूत ठेवून काम करत होते. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही आणि ती उभी करावी असं मी जिथे बोलावतील तिथे सांगत आले आहे. शिक्षेची भीती आणि परतीची वाट या दोन्ही एकत्र असल्या तरच माणूस उपचाराला येतो. आपण त्याला फक्त भीती दिली आहे.

कॉलेजकडून काय व्हायला हवं यावर लांबण लावत नाही. रेसिडेंट डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर जाऊ नये असं केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि रोज सात-आठ तासांची झोप सुचवली. वॉर्डात आज काय चालतं ते तुला माहीत आहे. वर्षातून एकदा सभागृहात ताणतणावावर व्याख्यान ठेवण्याऐवजी ड्युटीचा तक्ता बदला, कॉलेजबाहेरचा समुपदेशक नेमा आणि ट्रॅमाडॉल, मिडाझोलाम, केटामाइन अशा गुंगीच्या औषधांचा हिशेब रोज दोघांच्या सहीने ठेवा. या तीन गोष्टींना पैसेही फार लागत नाहीत.

आता त्याच्याशी बोलायचं कसं ते. तो प्यायलेला किंवा घेतलेला असताना नाही. ग्रुप करून, पाच जणांनी घेरून तर मुळीच नाही. नाइटनंतर झोपून उठल्यावर, शक्यतो कॉलेजबाहेर, चहाच्या टपरीवर. तुला काय दिसलं तेवढंच सांग, निदान सांगू नकोस : ‘कपाटात अँप्यूल दिसल्या. मंगळवारी तुला उठवायला मला दहा मिनिटं लागली. मी घाबरलो.’ तो चिडेल, हसून टाळेल, ‘परीक्षेनंतर बघू’ म्हणेल. परीक्षेनंतर निकाल, मग काउन्सेलिंग राउंड (जागावाटपाच्या फेऱ्या), मग जॉइनिंग, असं ते कधीच संपत नाही. तू तारीख घेऊनच जा. ‘गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे, मी बरोबर येतोय.’ सरळ नाही म्हणाला तर एक मुदत दे आणि पाळ. त्या मुदतीत तो आला नाही तर त्याच्या घरातल्या एका माणसाला सांग, शक्यतो ज्याच्याशी तो भांडत नाही त्याला : मोठी बहीण, मामा, जो असेल तो. सांगणार आहेस हे त्याला आधी सांग. पाठीमागून केलेलं त्याच्या मनातून जाणार नाही, तोंडावर सांगून केलेलं एक दिवस जाईल. जीव द्यायचा विचार पक्का दिसत असेल तर मात्र मुदत वगैरे काही नाही, त्याच क्षणी घरी कळवायचं.

त्याच्या ड्युट्या करणं थांबव. हे तुला कठोर वाटेल, पण त्याच्या आजाराला वेळ पुरवणारा सगळ्यात मोठा हात आत्ता तुझा आहे. उपचारासाठी रजा हवी असेल तर ती उघडपणे, मेडिकल सर्टिफिकेटवर घेऊ दे. इंटर्नशिप दोन महिने लांबली तर काही बिघडत नाही. आणि तो बरा होऊन परत आल्यावर एक गोष्ट त्याला आणि तुला दोघांनाही पाठ हवी : काही आठवडे बंद राहिल्यावर सहनशक्ती खाली येते. जुना ‘माहीत असलेला डोस’ पुन्हा घेतला तर तोच जीवघेणा ठरतो. पहिले सहा महिने त्याची पोस्टिंग पीएसएमसारख्या (सामाजिक आरोग्य विभागासारख्या) ठिकाणी असेल, जिथे इंजेक्शनांचं कपाट हाताशी नसतं, तर फार बरं.

राहता राहिला तू. गेला महिनाभर रात्री उठून श्वास मोजतोयस, दिवसा दोन माणसांची ड्युटी करतोयस, आणि हे सगळं पत्रात एका ओळीत उरकलंस. तुझी झोप कशी आहे हे तू लिहिलेलं नाहीस. गुरुवारची वेळ घेशील तेव्हा एकाच्या जागी दोन घे. आधी तो आत जाऊ दे, त्यानंतर तू जा.